आधी वाढप्यांची पंगत

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, महाप्रसादाच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्ये गाळून स्मरणिकेसाठी दिला आहे.)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि त्यानंतर व्याख्यान! हे म्हणजे गाडी स्टेशनात येऊन गेल्यावर घोषणा करण्यासारखे आहे. तरीही आपण इतके जण थांबलात, याबद्दल आभार. विषय आहे 'हॉटेल व्यवसाय आणि कामाच्या ठिकाणची संस्कृती'. कार्यकारिणीने हा विषय मला दिला तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. रुळ, स्लीपर आणि खडी यांच्या पलीकडे मला काही कळत नाही. हॉटेलशी माझा संबंध फक्त ताटाच्या अलीकडच्या बाजूचा." त्यावर आमचे सेक्रेटरी म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीच्या महाप्रसादाचे तुम्हीच सांगायला हवे." मग मी गप्प बसलो, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. ती गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितली तर पुढचे ऐकायला तुम्ही थांबणार नाही.

आपण बेळ्ळंदूरला राहतो. सकाळी रिंग रोडवर निघालो की ऑफिसांच्या काचेच्या इमारती जितक्या दिसतात, तितकीच हॉटेले दिसतात. पंचतारांकित आहेत, दर्शिनी आहेत, बिर्याणीवाले आहेत आणि आपल्या मिसळ-वडापावचीही दुकाने आहेत. या सगळ्यांत काम करणारी मुले कुठली? ओडिशा, आसाम, झारखंड, नेपाळ, उत्तर कर्नाटक. आपणही पोटासाठीच कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, नागपूर सोडून इथे आलो. फरक इतकाच की आपल्याला आल्यावर मंडळ मिळाले. त्यांना काय मिळते, हा माझ्या आजच्या बोलण्याचा प्रश्न आहे.

आता 'संस्कृती' हा शब्द. ऑफिसात तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. मी त्याचा साधा अर्थ करतो : साहेब बघत नसताना माणूस जसा वागतो, ती त्या जागेची संस्कृती. हा अर्थ मला पुस्तकात मिळाला नाही, रुळावर मिळाला. म्हणून हॉटेलात जाण्याआधी दोन मिनिटे तुम्हाला रुळावर नेतो.

२००३ साली दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू झाली, हुबळीला मुख्यालय झाले. त्याच सुमारास मी ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो. सुरुवातीची काही वर्षे लोंढा-कॅसलरॉक भागात काढली. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. आमच्याकडे कीमन नावाचा माणूस असतो. रोज पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंड्या आणि फटाके म्हणजे डिटोनेटर घेऊन तो आपला काही किलोमीटरचा रुळ एकटा चालत तपासतो. कुठे चावी सैल झाली आहे, कुठे वेल्डला चीर गेली आहे, हे पाहतो. त्याच्याबरोबर कोणी नसते. तो खरेच शेवटपर्यंत चालला की मधेच झाडाखाली बसला, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते. आणि त्याच्या भरवशावर बाराशे-पंधराशे माणसे गाडीत निवांत झोपलेली असतात.

एका पहाटे आमच्या एका कीमनने लाल झेंडी दाखवून मालगाडी थांबवली. त्याला रुळाच्या पोटावर चीर दिसली होती. मी धावत गेलो, साफ केले, भिंग लावून पाहिले. चीर नव्हती. गंजाची आणि तेलाची रेघ होती. गाडी पाऊण तास अडकली, कंट्रोलवरून विचारणा सुरू झाली. मी नवा आणि तरुण. मला राग आला, आणि त्या माणसाला चार शब्द सुनावणार तेवढ्यात आमचे सीनियर इंजिनियर आले. त्यांनी रुळ पाहिला, कंट्रोलला सांगितले, "माझ्या जबाबदारीवर थांबवली होती," आणि त्या कीमनला चहा पाजला. तो गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज याला रागावलास, तर उद्या खरी चीर दिसली की हा झेंडी काढायच्या आधी विचार करत उभा राहील. आपल्याला त्याचा विचार नको आहे, झेंडी हवी आहे."

मंडळी, माझे अख्खे व्याख्यान या वाक्यात आहे. बाकीचे सगळे उदाहरण.

आता हॉटेलात जाऊ या. माझा एक भाचा आहे. हॉटेल मॅनेजमेंट केले, मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात लागला. शहराचे आणि हॉटेलचे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आठ महिन्यांत नोकरी सोडून घरी आला. आमच्या ताईला वाटले, कष्ट झेपले नाहीत. मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, कष्टाचे काही नाही. ब्रेक शिफ्ट असायची, म्हणजे सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा सात ते रात्री एक. मधल्या चार तासांत खोलीवर जाऊन यायला वेळ पुरायचा नाही, म्हणून आम्ही गोदामात पोत्यांवर पडायचो. तेही चालले असते. पण एकदा ऑर्डर चुकली म्हणून शेफने ताट भिंतीवर फेकले. माझ्या कानाजवळून गेले. सगळे किचन गप्प. कोणी मान वर केली नाही."

मी म्हटले, "मग?"

तो म्हणाला, "मग काही नाही. दुसऱ्या आठवड्यात कोल्ड रूमचा काटा चढलेला दिसला. रात्रभर मशीन बंद पडले असावे. मांस, दूध, क्रीम सगळे आत होते. मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर 'तूच दार उघडे ठेवलेस' म्हणाले असते. तो माल त्या दिवशी वापरला गेला. कोणाला काही झाले की नाही, मला माहीत नाही. मामा, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी असा नव्हतो. म्हणून सोडली."

ते ताट भिंतीवर फुटले, पण त्याची काच आठवडाभराने गिऱ्हाइकाच्या जेवणात आली. भीतीने शिस्त लागते असे पुष्कळांना वाटते. भीतीने शिस्त लागत नाही, लपवायची सवय लागते. आणि हॉटेल असो की रेल्वे, लपवलेली चीर शेवटी ज्याचा काही दोष नाही त्याच्यापर्यंत जाते.

आता याच्या बरोबर उलट एक घर पाहू. मुंबईचे ताज. जमशेटजी टाटांनी बांधलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच्या घुमटापेक्षा तिथल्या माणसांनी ते मोठे केले, हे जगाला कळले २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. अतिरेकी आत शिरले आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत हॉटेल त्या आगीत आणि गोळीबारात होते. पुढे हार्वर्डच्या रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी या कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या लेखाप्रमाणे ताजमध्ये ३१ जण मृत्युमुखी पडले, त्यांत ११ कर्मचारी होते आणि कर्मचाऱ्यांनी बाराशे ते पंधराशे पाहुण्यांना बाहेर पडायला मदत केली.

दुसऱ्या मजल्यावर एका कंपनीची मेजवानी चालू होती. तिची व्यवस्था पाहत होती मल्लिका जगद, वय वर्षे २४. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मुली या वयाच्या आहेत. गोळ्यांचा आवाज येताच तिने दारे बंद केली, दिवे घालवले, सर्वांना टेबलांखाली शांत पडून राहायला सांगितले. नवरा-बायकोंना वेगवेगळे बसायला सांगितले, म्हणजे काही झालेच तर एका घरातले दोघे एकदम जाऊ नयेत. रात्रभर तिचे सहकारी पाणी देत, विचारपूस करत फिरत होते. पहाटे धूर आला तेव्हा खिडकीतून अग्निशमन दलाच्या शिडीवरून आधी पाहुणे उतरले, मग कर्मचारी.

वसाबी नावाच्या रेस्टॉरंटमध्ये थॉमस वर्गीस हे ४८ वर्षांचे जुने वेटर होते. तीस वर्षे ताजमध्ये काढलेली. सुमारे पन्नास पाहुण्यांना त्यांनी कित्येक तास टेबलांखाली सांभाळले, मग मागच्या गोल जिन्याने एकेकाला खाली पाठवले. "मी शेवटी येतो," म्हणाले. ते आलेच नाहीत. जिन्याच्या तळाशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले सहाव्या मजल्यावर आगीत गेली, तरी ते पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामावर उभे राहिले. टेलिफोन ऑपरेटर मुली एकदा सुखरूप बाहेर पडल्या होत्या. त्या परत आत गेल्या, कारण खोल्यांतल्या पाहुण्यांना "दार उघडू नका, दिवे बंद ठेवा" असे कोणीतरी फोनवर सांगायला हवे होते.

हे सगळे कोणत्या नियमावलीत लिहिलेले होते? कुठल्याच नाही. त्या रात्री कोणी कोणाला हुकूम दिला नव्हता. मग हे आले कुठून?

त्या अभ्यासात याचे उत्तर शोधले आहे आणि ते रोजच्या, अगदी साध्या गोष्टींत सापडले आहे. पहिली गोष्ट, माणसे कुठून घ्यायची. ताज आपली मुले शक्यतो लहान शहरांतून घेत असे : मुंबईतून नव्हे पण पुण्याहून, चेन्नईतून नव्हे पण त्रिचीहून, आणि मंडळी, बंगळूरहून नव्हे पण म्हैसूर-मणिपालहून! (हशा) निवडताना इंग्रजी किती फाडफाड येते यापेक्षा मुलगा मोठ्यांशी कसा बोलतो, हसतमुख आहे का, घरी नोकरीची गरज आहे का, हे पाहिले जाई. शाळेत जाऊन मास्तरांना विचारले जाई. इंग्रजी नंतर शिकवता येते, माणुसकी आयत्या वेळी शिकवता येत नाही. दुसरी गोष्ट, शिकवण. इतर हॉटेले साधारण वर्षभर शिकवत, ताज दीड वर्ष. कारण त्यांचा एक हिशेब होता. पाहुणा चोवीस तास राहिला तर त्याची कर्मचाऱ्यांशी चाळीस ते पंचेचाळीस वेळा गाठ पडते, आणि बहुतेक वेळा तिथे वरिष्ठ नसतो. म्हणून मुलांना सांगितलेले असे, की पाहुण्याच्या भल्यासाठी जे करावेसे वाटेल ते तिथल्या तिथे करा, आम्ही मागे उभे आहोत.

माझ्या कानात लगेच घंटा वाजली. अहो, हाच आमचा कीमन! एकटा चालणारा, आणि झेंडी दाखवायचा अधिकार असलेला!

तिसरी गोष्ट, कौतुक. २००१ साली त्यांनी 'स्टार्स' नावाची योजना सुरू केली. पाहुण्याने केलेली स्तुती, सहकाऱ्याने केलेली स्तुती आणि स्वतः केलेली सूचना, या तिन्हींना गुण. त्यांची दखल ताबडतोब घ्यायची, वर्षाच्या शेवटापर्यंत थांबायचे नाही. सहकाऱ्याने केलेल्या स्तुतीला गुण, हे मला फार आवडले. मोरीत भांडी घासणाऱ्याला पाहुणा कधी दिसतच नाही, त्याची स्तुती करणार कोण? शेजारी उभा असलेला आचारीच करणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नोकरीसाठी प्राण द्यावेत, असे मी कोणाला सांगत नाही. कोणत्याही मालकाला ते मागण्याचा अधिकार नाही. ताजच्या माणसांनी जे केले त्याची किंमत त्यांच्या घरच्यांनी मोजली. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे, की कठीण रात्री माणसाच्या हातून जे घडते, त्याची तयारी हजारो साध्या दिवसांत झालेली असते. त्याच रात्री तिथून थोड्याच अंतरावर, तेव्हाच्या सीएसटी स्टेशनात, आमच्या रेल्वेचे उद्घोषक विष्णू दत्ताराम झेंडे आपल्या केबिनमध्ये होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते मराठी आणि हिंदीत घोषणा करत राहिले, लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. केबिनवरही गोळ्या आल्या. ते वाचले आणि त्यांच्या आवाजामुळे कितीतरी जण वाचले. रोज "गाडी उशिराने धावत आहे" सांगणारा तो आवाज. माणसे त्यावर चटकन हलली, कारण तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता.

कोणी म्हणेल, ताजचे ठीक आहे, टाटांकडे पैसा आहे. लहान हॉटेलवाल्याने काय करावे? म्हणून आता आपल्या बंगळूरला परत या.

कॉफी बोर्डाची कॉफी हाउसे तुम्हाला माहीत आहेत. मुंबईत १९३६ मध्ये त्यांची सुरुवात झाली, मग देशभर पसरली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा, अंगात पांढरा गणवेश आणि हातात नोकरी संपल्याचा कागद. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी ठरवले, की आपणच चालवू. कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली ती इथे, आपल्या बंगळूरमध्ये, १९ ऑगस्ट १९५७ रोजी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीचे इंडियन कॉफी हाउस त्यांनी सुरू केले. मग ठिकठिकाणी संस्था झाल्या. एम. जी. रोडवरचे कॉफी हाउस २००९ मध्ये तिथून हलून चर्च स्ट्रीटला गेले. आपल्यापैकी जुन्या मंडळींनी तिथे तासन्‌तास बसून एक कॉफी प्यायलेली असेल. तुम्हाला कोणी उठवले का? नाही. वेटर साहेबाच्या भीतीने टेबल रिकामे करायला धावत नव्हता, कारण दुकान त्याच्याच संस्थेचे होते. तिथे सजावट नव्हती, एसी नव्हता, पण ताठ मान होती.

आणि लालबागजवळचे एम. टी. आर. पाहा. १९२४ साली सुरू झालेले. यज्ञनारायण मय्या १९५१ साली युरोपात जाऊन तिथली हॉटेले पाहून आले आणि त्यांनी स्वच्छतेचा ध्यास घेतला. भांडी वाफेने निर्जंतुक करणे, आणि गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर पाहू देणे. आपल्याला वाटते यात गिऱ्हाइकाची सोय आहे. मला वाटते आचाऱ्याची जास्त आहे. ज्या भटारखान्यात पाहुणा कधीही डोकावू शकतो, तिथे ताट भिंतीवर फेकता येत नाही.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मला उभे केले आहे.

तीन वर्षांपूर्वीचा आपला महाप्रसाद आठवा. सहाशे पाने. केटररची वीस-बावीस मुले पहाटे चारला आली होती. वाढपावर देखरेख माझ्याकडे होती. दुसऱ्या पंगतीला आमटी वेळेवर येईना. एक मुलगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, बादली घेऊन फारच सावकाश चालत होता. मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. "ए भैया, जेवायला आलायस की वाढायला?" असे म्हणालो. दोन-चार जण हसलेही. त्याने मान खाली घातली आणि चाल वाढवली.

अर्ध्या तासाने आमची सौ. माझ्याकडे आली. म्हणाली, "त्याच्या पायाकडे पाहिलेत का?" पाहिले. पावलाला ओले फडके गुंडाळलेले होते. सकाळी आठ वाजता उकळती आमटी पायावर सांडली होती. त्याने कोणालाही सांगितले नव्हते. का? सांगितले तर मुकादम घरी पाठवेल आणि दिवसाची मजुरी कापेल. फडके सोडले तर कातडी त्याच्याबरोबर निघाली. आपल्याच सभासद डॉक्टर वहिनींनी मलमपट्टी केली. तेव्हा बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. त्या मुलांच्या पोटात पहाटेपासून चहाखेरीज काही नव्हते. सहाशे माणसे जेवून उठल्यावर, साडेचार वाजता, उरलेल्यात त्यांचे जेवण होणार होते.

मंडळी, भिंतीवर ताट फेकणाऱ्या त्या शेफला मी घरी बसून नावे ठेवली होती. माझ्या सीनियरांचे वाक्य मी वीस वर्षे लोकांना सांगत आलो होतो. आणि समोर गणपती बसलेला असताना मीच त्या मुलावर ओरडलो होतो. मला त्याचे नावसुद्धा माहीत नव्हते. संध्याकाळी मी त्याची माफी मागायला गेलो, तर तो इतका घाबरला की मलाच लाज वाटली. त्याला वाटले मी तक्रार करायला आलो आहे.

पुढच्या वर्षी कार्यकारिणीत हा विषय मांडला. चर्चा झाली, बरीच झाली. मी म्हटले, वाढपी मुले आधी जेवतील. एक सभासद म्हणाले, "नैवेद्याआधी कसे?" मुद्दा बरोबर होता. आपल्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी तो सोडवला. म्हणाल्या, "सकाळी आठला पोहे आणि चहा, तो काही नैवेद्य नव्हे. बाराला नैवेद्य दाखवा आणि पहिली पंगत त्या मुलांची बसवा. वाढा तुम्ही. कमिटीने." त्यावर कोणाला काही बोलता आले नाही.

तेव्हापासून चार गोष्टी आपण केटररच्या कागदावर लिहून घेतो. पहिली, पोहे आठला आणि पहिली पंगत मुलांची. दुसरी, प्रत्येकाच्या खिशाला नावाची चिठ्ठी, म्हणजे 'ए भैया' बंद. तिसरी, प्रथमोपचाराची पेटी स्वयंपाकाच्या मांडवात. चौथी, भाजले, कापले, काही सांडले किंवा नासले, तर लगेच सांगायचे. सांगणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, नुकसान मंडळ सोसेल.

परिणाम काय झाला, तेही खरे सांगतो. पहिल्या वर्षी सर्वांची पंगत चाळीस मिनिटे उशिरा बसली. तक्रारी आल्या, आणि त्या मीच ऐकून घेतल्या. खर्चही वाढला. पण त्याच वर्षी सकाळी एका मुलाने येऊन सांगितले, "साब, दही खट्टा हो गया है." तीन मोठे डबे दही होते. आदल्या वर्षी तो बोलला असता का? दही टाकून दिले, कोशिंबीर दह्याशिवाय झाली. सहाशे माणसांनी फार तर नाक मुरडले असेल, पण कोणाचे पोट बिघडले नाही. मला त्या पहाटेची मालगाडी आठवली.

तेव्हा इथे बसलेल्या हॉटेलवाल्यांना, आणि आयटीतल्या मॅनेजर मंडळींनाही, माझी हात जोडून विनंती आहे. संस्कृती घडवायला सल्लागार नंतर बोलवा. आधी चार प्रश्न स्वतःला विचारा. तुमची माणसे केव्हा आणि काय जेवतात? दोन शिफ्टच्या मधे पाठ कुठे टेकतात? तुम्हाला त्यांची नावे माहीत आहेत का? आणि चूक सांगायला शेवटचा माणूस तुमच्याकडे केव्हा आला होता? कोणीच येत नसेल, तर चुका होत नाहीत असा त्याचा अर्थ नाही.

आणि आपण गिऱ्हाईक? रात्री साडेअकराला शेवटची ऑर्डर देताना, उशीर झाला म्हणून आवाज चढवताना, समोरच्या मुलाच्या पायाकडे एकदा बघू या. तो हळू का चालतो आहे, याला कारण असू शकते.

माझ्या भाच्याचे विचाराल, तर तो आता एका लहानशा हॉटेलात आहे. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, इथे कोल्ड रूमच्या दारावर वही टांगली आहे. काटा चढला की ज्याला दिसेल त्याने लिहायचे. गेल्या महिन्यात मी दोनदा लिहिले." एवढेच म्हणाला. पण आवाज वेगळा होता.

उद्या आपला महाप्रसाद आहे. बाराला नैवेद्य, सव्वाबाराला वाढपी मुलांची पंगत. ती वाढायला सहा जण हवे आहेत. आत्तापर्यंत चार नावे आली आहेत. आमटीची बादली माझ्याकडे आहे, ती मी कोणाला देणार नाही. उरलेल्या दोघांनी व्यासपीठामागे नावे द्यावीत.

चुकले-माकले असेल तर लगेच सांगा, रागावणार नाही!

गणपती बाप्पा मोरया!